शेकापवर टिपण लिहायचं असेल तर

शेतकरी कामगार पक्षावरची (शेकाप) बहुतेक टिपणं एका वाक्यात आटोपतात: एकेकाळचा प्रमुख विरोधी पक्ष, आता रायगड आणि सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यापुरता उरलेला. यात खोटं काही नाही. पण हा पक्ष नेमका कशासाठी उभा राहिला आणि मार्क्सवादाचं नाव घेणारा पक्ष गावातल्या पाटलाच्या वाड्यापर्यंत कसा पोचला, हे त्यातून कळत नाही. प्रबंधासाठी, लेखासाठी किंवा अभ्यासवर्गासाठी नीट टिपण करायचं असेल तर सहा आठवडे हाताशी ठेवा. आधी कागद, मग जमीन, शेवटी मतं, असा क्रम धरा. उलट क्रमाने गेलात तर निकालाचे आकडेच डोक्यात बसतात आणि पुढे जे जे वाचाल ते पडझडीची कारणं शोधत वाचाल.

पहिलं काम कालपट्टीचं. मोठा कागद घ्या, वर वर्षं लिहा, खाली तीन ओळी आखा: पक्ष, जमिनीचे कायदे, राज्याची रचना. १९४६ मध्ये काँग्रेसच्या पोटातच केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्या पुढाकाराने शेतकरी-कामगारांचा गट बांधला गेला. पक्षाचा वर्धापनदिन २ ऑगस्टला होतो आणि तो १९४७ पासून मोजतात. काही पुस्तकांत मात्र स्थापना १९४८ ची दिसते. गोंधळून जाऊ नका. १९४८ च्या सुरुवातीला काँग्रेसने पक्षांतर्गत संघटित गटांना मनाई केली. समाजवादी त्याच वेळी बाहेर पडले आणि जेधे-मोरे मंडळींचा वेगळा पक्षही तेव्हाच उघडपणे उभा राहिला. टिपणात दोन्ही वर्षं द्या आणि कारण एका ओळीत सांगा.

दुसऱ्या ओळीत १९३९ चा मुंबई कूळ कायदा, १९४८ चा कूळवहिवाट आणि शेतजमीन कायदा, १९४९ चा खोती (कोकणातली सारा गोळा करणाऱ्या खोतांची जमीनदारी) निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, म्हणजे कुळांना कसत्या जमिनीचे मालक मानण्याचा दिवस, येतो. तिसऱ्या ओळीत १९५६ चं द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६०. या ओळी एकाखाली एक आल्या की एक गोष्ट डोळ्यात भरते: पक्ष जन्मला तो १९४८ च्या कूळ कायद्याच्या अगदी तोंडावर, आणि ‘कसेल त्याची जमीन’ ही मागणी निदान कागदावर मान्य होत गेली ती त्याच्या पहिल्या दहा वर्षांतच. पुढच्या सगळ्या वाचनात हे लक्षात असू द्या. ज्याची मुख्य मागणी सरकारच कायद्यात घालतं, त्या पक्षाला पुढे काय मागायचं हे नव्याने ठरवावं लागतं. शेकापने ते जिल्ह्याजिल्ह्यात वेगवेगळं ठरवलं.

आता दाभाडीचा प्रबंध. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या दाभाडीला १९५० मध्ये पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला, त्या भूमिकेचा हा दस्तऐवज. हा प्रबंध सगळे उद्धृत करतात, वाचतात थोडे. दोनदा वाचा. पहिल्यांदा सलग, पेन्सिल न उचलता. दुसऱ्यांदा वहीत चार रकाने आखून: शत्रू कोण, मित्र कोण, सधन शेतकऱ्याचं काय करायचं, निवडणुकीचं काय करायचं. प्रत्येक रकान्यात मूळ वाक्य आणि पानाचा क्रमांक. स्वतःचा अर्थ वेगळ्या पानावर लिहा. दोन्ही एकत्र लिहिलं की महिन्याभराने मूळ कुठलं आणि आपलं कुठलं हे कळेनासं होतं.

तिसऱ्या रकान्यावर जास्त वेळ द्या. या पक्षाची मुळं सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीत आहेत. त्या चळवळीत ‘बहुजन’ या एका शब्दात भूमिहीन, कूळ, मध्यम शेतकरी आणि गावचा पाटील सगळे मावत होते. वर्गाच्या भाषेत मात्र ते मावत नाहीत. सावकार, खोत आणि शहरी भांडवलदार समोर असतात तोवर हे सगळे एका बाजूला उभे राहू शकतात. मजुरीचा दर किंवा गावातल्या बड्या शेतकऱ्याच्या जादा जमिनीचा प्रश्न आला की शिवण उसवते. शेकापच्या विचारसरणीतला खरा ताण इथे आहे. दाभाडीनंतरचे अधिवेशनांचे राजकीय ठराव मिळतील तेवढे मिळवा आणि प्रत्येकात शेतमजूर हा शब्द कितीदा, कुठल्या मागणीसोबत येतो ते पाहा. कंटाळवाणं काम आहे, पण जाहीरनाम्यातल्या घोषणांपेक्षा ही मोजणी जास्त सांगते.

प्रबंध वाचून झाला की ‘शेकाप म्हणजे आणखी एक कम्युनिस्ट पक्ष’ असं लिहायचा मोह होतो. तो आवरा. सोबत तीन शेजारी ठेवून तुलना करा. पहिला लाल निशाण पक्ष. त्याची मंडळी १९४२ च्या ‘लोकयुद्ध’ भूमिकेवरून (महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूला साथ देण्याच्या) कम्युनिस्ट पक्षाबाहेर पडलेली. त्यातले बरेच काही काळ शेकापमध्ये होते आणि १९५२ च्या निवडणुकीआधीच कामगार किसान पक्ष काढून वेगळे झाले. दत्ता देशमुख त्यांतले. पुढे त्यांचा पाया कामगार संघटनांत पक्का झाला. दुसरा शेजारी खुद्द कम्युनिस्ट पक्ष. त्याचं वजन मुंबईच्या गिरण्यांत आणि ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात. तिसरा धुळ्याच्या शरद पाटलांनी १९७८ मध्ये काढलेला सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष. जात आणि वर्ग यांची एकत्र मांडणी करायचा सरळ तात्त्विक प्रयत्न तिथे झाला आणि मार्क्स-फुले-आंबेडकर ही नावं एका सूत्रात ओवली गेली. शेकापने वारसा फुल्यांचा आणि सिद्धांत मार्क्सचा घेतला, पण दोन्हीची सांधेजोड बरीचशी कार्यकर्त्यांच्या व्यवहारावर सोडली. हे आमचं मत. तुमच्या चार रकान्यांतून वेगळं निघालं तर तेच लिहा.

जुन्या पत्रकांत एक सोपी खूण सापडते. नावाआधी ‘भाई’ असेल तर माणूस बहुधा शेकापचा, ‘कॉम्रेड’ असेल तर लाल निशाण किंवा कम्युनिस्ट. बावटा सगळ्यांचाच लाल, त्यावरून ओळखू जाऊ नका.

व्यक्तींच्या बाबतीत एक सापळा आहे. मार्क्सवादी मांडणीचा आग्रह धरणाऱ्यांत शंकरराव मोरे पुढे होते आणि १९५२ मध्ये ते सोलापुरातून लोकसभेवर गेले. नंतर काही वर्षांतच जेधे आणि मोरे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. १९५७ मध्ये जेधे बारामतीतून आणि १९६२ मध्ये मोरे पुण्यातून काँग्रेसचे खासदार झाले. म्हणून संस्थापकांच्या चरित्रातून पक्षाची विचारसरणी काढायला गेलात तर ती १९५५ च्या आसपास संपते. त्यानंतरचा पक्ष उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील, दि. बा. पाटील, गणपतराव देशमुख, केशवराव धोंडगे यांच्या कामात शोधावा लागतो. यातला प्रत्येक जण एकेका भूभागाशी बांधलेला आहे.

त्यामुळे तिसऱ्या आठवड्यापासून राज्य सोडा आणि दोन तालुके निवडा. एक रायगडमधला, एक सांगोला किंवा मराठवाड्यातला. दोन्ही रायगडचे घेतलेत तर पक्ष म्हणजे जमीन संपादनविरोधी संघटना वाटेल. दोन्ही दुष्काळी पट्ट्यातले घेतलेत तर पाणी आणि सहकार यांपलीकडे काही दिसणार नाही.

रायगडची सुरुवात पक्षाच्या आधीपासून करा. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावचा शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं चालला, खोतांची जमीन न कसण्याचा. नेतृत्व नारायण नागू पाटलांचं, आणि पुढे तेही शेकापमध्ये आले. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, त्याच्या पार्श्वभूमीला कोकणातली हीच अस्वस्थता होती. मग चाळीस-पन्नास वर्षांची उडी मारून नवी मुंबईवर या. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. कुळांच्या नावावर नुकत्याच झालेल्या जमिनी शहरासाठी जाऊ लागल्या आणि दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची योजना या लढ्यातून आली. पुढचा टप्पा सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र: २१ सप्टेंबर २००८ ला पेण भागातल्या २२ गावांत त्यावर जनमत घेतलं गेलं, सेझच्या विरोधात एन. डी. पाटील आघाडीवर होते.

या तिन्ही लढ्यांची मागणी शेजारी शेजारी लिहा. चरीत जमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हावी, ही. १९८४ मध्ये जमीन जाणारच असेल तर तिच्या वाढत्या किमतीत वाटा हवा, ही. २००८ मध्ये जमीन द्यायचीच नाही, ही. तिन्ही लढे याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचे, पण मालमत्तेकडे बघण्याची दृष्टी तीन प्रकारची. डावी मांडणी कशी सरकते आणि का सरकते, हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठल्याच ठरावात दिसत नाही. टिपणाचा निम्मा भाग यावर खर्च केलात तरी चालेल.

पुरावा नुसता सांगण्यावरून घेऊ नका. जमिनीच्या दहा-बारा गट नंबरांचे सातबारा आणि जुने फेरफार काढा. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. कुळाचं नाव कधी लागलं, कुठल्या आदेशाने लागलं हे तिथे कळतं. कूळ कायद्याच्या कलम ३२ग खाली कुळाने द्यायची किंमत ठरली का आणि ३२म चं खरेदी प्रमाणपत्र मिळालं का, ते पाहा. बऱ्याच ठिकाणी कूळ म्हणून नोंद आहे पण प्रमाणपत्र नाही. पुढे संपादनाच्या मोबदल्यात भांडणं झाली ती यावरूनच. हस्तलिखित सातबारा मोडीमिश्रित किंवा फाटका असेल तर तलाठ्याकडून नुसतं वाचून घेऊ नका, तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मागा. आजचा संगणकीकृत उतारा १९५० च्या दशकासाठी जवळपास निरुपयोगी; त्यावर चालू स्थिती असते, जुनी नोंद फेरफार क्रमांकाच्या रूपात उरते. तो क्रमांक घेऊनच मागे जावं लागतं.

सांगोल्याची तऱ्हा वेगळी. इथे खोत नाही. पाऊस नाही हा प्रश्न. रोजगार हमीची कामं, पाण्याच्या योजना, सूतगिरणी आणि शिक्षणसंस्था यांतून पक्ष उभा राहिला. सहकारी संस्था तपासताना चार गोष्टी बघा: भागधारक किती आणि कुठल्या गावांचे, संचालक मंडळाची निवडणूक झाली की बिनविरोध, लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता आला, आणि सभासदाला प्रत्यक्ष काय मिळालं. सहकार हा डाव्या विचाराचा व्यवहार आहे की नुसती सत्तेची शिडी, याचं उत्तर या चार गोष्टींवर ठरतं, कुणाच्या साधेपणाच्या कथांवर नाही. इथले आमदार गणपतराव देशमुख यांच्या साधेपणाबद्दल इतकं लिहून झालंय की त्यांचं राजकारण त्याखाली दडपलं गेलं आहे.

गावात माणसांशी बोलताना ‘पक्षाची विचारसरणी काय’ असं विचारू नका. पाठ केलेलं उत्तर मिळेल. विचारा: तेव्हा कर्ज कुणाकडून काढत होता? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कुठे गेलात, हजेरी कोण मांडत होतं? पक्षाची सभा कुणाच्या ओट्यावर व्हायची? दलित वस्तीतून कोण यायचं आणि कुठे बसायचं? शेवटचा प्रश्न हमखास टाळला जातो, म्हणून तो वस्तीत जाऊनही विचारा. एका तालुक्यात आठ-दहा गावं आणि प्रत्येक गावी निदान दोन माणसं पुरतात, पण त्यातला एक पक्षाबाहेरचा हवा आणि निम्म्या बायका हव्यात. मोर्चाला गेलेल्या बायकांची नावं कागदावर जवळजवळ नसतात. साल आठवत नसेल तर दुष्काळ, आणीबाणी, गोळीबार अशा खुणांच्या आधी की नंतर एवढंच विचारा.

स्मरणिका आणि गौरवग्रंथ भरपूर मिळतील. त्यातले लेख एकसुरी असतात, जाहिराती मात्र काळजीपूर्वक वाचा. पतपेढ्या, कंत्राटदार, बाजार समित्या, वीटभट्टीवाले: वीस वर्षांच्या स्मरणिकांतले जाहिरातदार एका यादीत लिहिले की पक्षाचा आर्थिक आधार कसा बदलत गेला ते समजतं. रायगडसाठी ‘कृषीवल’ हा दैनिक पेपर वाचावाच लागतो, पण तो पक्षाच्या घरचा. त्याच तारखेचा दुसरा एखादा पेपर शेजारी ठेवा.

विधिमंडळातली कार्यवाही हा सर्वांत दुर्लक्षित साठा. मुंबईच्या विधानमंडळ ग्रंथालयात छापील खंड आहेत, बरेचसे संगणकावरही पाहता येतात. सगळं वाचत बसू नका. अर्थसंकल्पी मागण्यांवरच्या कपात सूचना, लक्षवेधी, अशासकीय विधेयकं आणि तारांकित (तोंडी उत्तराचे) प्रश्न एवढंच काढा. तारांकित प्रश्नांत उपप्रश्न होतात, म्हणून मंत्र्याला अडवण्याची पद्धत तिथे दिसते. शेकाप १९७८ मध्ये पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात होता आणि एन. डी. पाटील सहकारमंत्री होते. विरोधात असताना सहकारावर काय मागितलं आणि मंत्री असताना काय उत्तर दिलं, ही जोडी लावली की अर्धं प्रकरण तयार.

आता मतं. निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालात पक्षाची दोन टक्केवारी असतात: एकूण मतांतली आणि लढवलेल्या जागांवरची. छोट्या पक्षाच्या बाबतीत पहिली फसवी. समजा, २८८ जागांपैकी पक्षाने १५ लढवल्या, प्रत्येकी २ लाख मतदान झालं आणि पक्षाला एकूण ६ लाख मतं पडली. राज्यात हा वाटा एका टक्क्याच्या जेमतेम वर, पण लढवलेल्या जागांवर २० टक्के. दोन्ही द्या, आणि अनामत किती ठिकाणी गेली तेही द्या. वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मतं मिळाली तरच ती वाचते.

इथल्या चुका ठरलेल्या आहेत. १९५२ आणि १९५७ मध्ये काही मतदारसंघ द्विसदस्य होते, एका मतदाराची दोन मतं. ती बेरीज पुढच्या निवडणुकांशी थेट ताडू नका. १९५७ ची मतं संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेतली, ती एकट्या पक्षाची धरू नका. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे १९५२ चे तिथले आकडे वेगळ्या अहवालात सापडतील. नावं बदलली आहेत: रायगड १९८१ पर्यंत कुलाबा, धाराशिव २०२३ पर्यंत उस्मानाबाद. मतदारसंघही हलले, कंधार गेला आणि २००९ पासून लोहा आला, उरण पनवेलमधून वेगळा झाला. गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले हे बरोबर, पण सार्वत्रिक निकालांत दहाच विजय सापडतात, कारण १९७२ आणि १९९५ ला ते हरले आणि एक विजय १९७४ च्या पोटनिवडणुकीतला आहे.

अलीकडचे आकडे थोडे आहेत: विधानसभेत २०१४ ला तीन, २०१९ ला लोह्याची एक, २०२४ ला सांगोल्याची एक. राज्य पक्ष म्हणून मान्यतेसाठी विधानसभेचे निकष म्हणजे ६ टक्के मतं आणि दोन जागा, किंवा ३ टक्के जागा (महाराष्ट्रात नऊ), किंवा नुसती ८ टक्के मतं. मान्यता नसली की चिन्ह राखीव राहत नाही. म्हणून जुन्या भिंतींवरचा खटारा बघून आजचं चिन्ह लिहू नका. त्या त्या निवडणुकीची उमेदवार यादी पाहा. निधीसाठी २० हजारांवरच्या देणग्यांचा वार्षिक अहवाल आयोगाकडे जातो, तो तपासा. लहान रकमांची नावं त्यात नसतात, आणि छोटा पक्ष बहुतांशी त्यांवरच चालतो.

युत्यांवर निवाडा देण्याची घाई करू नका. रायगड लोकसभेत शेकापने २००९ ला शिवसेनेच्या अनंत गीतेंना पाठिंबा दिला, २०१४ ला स्वतःचा उमेदवार दिला, २०१९ ला राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंसोबत गेला, २०२४ ला पुन्हा गीतेंसोबत. नुसतं वाचलं तर तत्त्वशून्य वाटतं. त्याच वर्षांची जिल्हा परिषदेतली संख्या, तालुक्यातला मुख्य प्रतिस्पर्धी आणि चालू प्रकल्पांवरची भूमिका शेजारी लिहा. काही वळणांचं कारण स्थानिक सत्तेत मिळेल, काहींचं कुठेच मिळणार नाही. ज्यांचं मिळत नाही ती तशीच नोंदवा. ‘भाजपला रोखण्यासाठी’ किंवा ‘संधिसाधूपणा’ असं लेबल चिकटवून मोकळं होऊ नका.

लिहिताना बारा-पंधरा पानं पुरे. कालपट्टी एक पान, प्रबंध आणि ठराव तीन, दोन तालुके सहा-सात, मतं दोन, उरलेल्यात शेजाऱ्यांशी तुलना. कच्चा मसुदा पक्षाच्या तालुका चिटणीसाला आणि त्याच्या विरोधकाला, दोघांना वाचायला द्या. तारखा, गावांची नावं, नात्यागोत्यांचे तपशील यांतल्या त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या कागद पाहून मान्य करा. निष्कर्षांवर हरकत आली तर ती तळटीपेत त्यांच्याच शब्दांत टाका आणि मूळ वाक्य तसंच राहू द्या.